दुसरे कर्मवीर भाऊराव : मागे चालता येणारा नेता

आमच्या मलकापुरात, कराडच्या परिसरात, कर्मवीर भाऊराव म्हटले की कर्मवीर भाऊराव पाटीलच आठवतात. ते स्वाभाविक आहे. त्यांनी रयत शिक्षण संस्था 1919 मध्ये इथल्याच काले गावी सुरू केली. पण भाऊराव नावाचे दुसरेही कर्मवीर होऊन गेले, हे वस्तीतल्या अनेक तरुणांना ठाऊक नसते. ते म्हणजे भाऊराव कृष्णाजी उर्फ दादासाहेब गायकवाड.

दादासाहेबांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. मोठी पदवी नव्हती, घराण्याचा वारसा नव्हता. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच्या चिटणीसपदाची जबाबदारी दादासाहेबांवर आली. त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. सत्याग्रही जमवणे, लाठ्या-दगडांपुढे त्यांना शांत ठेवणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरांकडे पाहणे, हे सारे नाशिकच्या कार्यकर्त्यांना करायचे होते. त्यांच्या पुढे दादासाहेब होते.

खरी परीक्षा पुढे झाली. 1934 मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्राने कळवले की, आता मंदिरप्रवेशात शक्ती घालवू नये, ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावी. ज्या लढ्यात उमेदीची वर्षे घातली, तो थांबवायचा. दुसरा एखादा दुखावला असता, वेगळी चूल मांडून बसला असता. दादासाहेबांनी तसे केले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली, तेव्हाही ते बाबासाहेबांसोबत होते. 1937 मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधिमंडळात निवडून गेले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज चळवळीच्या इतिहासाचे मोठे साधन आहेत. बाबासाहेब त्यांना फक्त आदेश देत नव्हते, मनातले सांगत होते. असा विश्वास मिरवून मिळत नाही.

6 डिसेंबर 1956 नंतर मागे चालण्यासाठी पुढे कोणी उरले नाही. 3 ऑक्टोबर 1957 रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पहिले अध्यक्ष एन. शिवराज झाले; दादासाहेब लोकसभेत होते आणि पक्षासाठी राबत राहिले. लवकरच फूट पडली. शिकलेल्या मंडळींपैकी काहींनी त्यांचे कमी शिक्षण आणि त्यांचे धोतर यांवर बोट ठेवले. दादासाहेबांनी उत्तर कामातून दिले. बाबासाहेबांना अखेरच्या काळात खेड्यातल्या भूमिहीनांची चिंता होती. तोच धागा धरून 1959 मध्ये आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यात स्त्रिया होत्या आणि बौद्धेतर शेतमजूरही होते.

तथागतांनीही आपल्या मागे कोणाला वारस नेमले नाही. धम्म आणि विनय यांनाच मार्गदर्शक ठेवले. माणूस गेल्यावर विचाराच्या मागे चालायचे असते, हे दादासाहेबांना उमगले होते.

त्यांचे सगळेच निर्णय बरोबर होते असे नाही. 1967 च्या सुमारास त्यांनी कराडच्याच यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी युती केली. त्यातून पक्षात आणखी फूट पडली आणि पक्षाचे वेगळेपण पुसट झाले, ही टीका रास्त आहे. नेत्याच्या मागे चालणाऱ्यांनी त्याला प्रश्नही विचारायचे असतात, हे त्यातून शिकावे.

1968 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 29 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे निधन झाले.

समाजकार्य करताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. जयंती जवळ आली की फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा, यावरून मंडळे फुटतात. एका वस्तीत दोन समित्या, दोन मिरवणुका; आणि अभ्यासिकेला कुलूप. अध्यक्ष व्हायला सगळे तयार असतात, चिटणीस व्हायला कोणी नाही. मित्रांनो, दादासाहेब आधी चिटणीस होते. येत्या जयंतीला आपल्यातल्या प्रत्येकाने एक काम असे घ्यावे, ज्याच्यावर आपले नाव येणार नाही. अभ्यासिकेचे कुलूप उघडण्यापासून सुरुवात करता येईल.

जय भीम! नमो बुद्धाय!