रुडॉल्फ डिझेल : उष्णतेचा जमाखर्च

डिझेल हा शब्द बसस्टँडवर, पेट्रोल पंपावर, शेताच्या बांधावर आपण रोज ऐकतो. परंतु ते एका माणसाचे आडनाव आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही या माणसाचे चरित्र वाचताना मला वारंवार हिशेबशास्त्राच्या तासाची आठवण झाली, म्हणून हा लेखनप्रपंच.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईवडील मूळचे जर्मन. वडिलांचा चामड्याच्या वस्तू बनविण्याचा लहानसा धंदा होता. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. जर्मन कुटुंबांना पॅरिसमध्ये राहणे अशक्य झाले. डिझेल कुटुंब लंडनला गेले आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी ऑग्सबर्ग येथे नातेवाइकांकडे धाडण्यात आले. घरी एक भाषा आणि बाहेर दुसरी असे बालपण काढलेला हा मुलगा आपल्या सीमाभागातील वाचकांना परका वाटणार नाही.

पुढे म्युनिचच्या तंत्रविद्यालयात त्यांना कार्ल फॉन लिंडे हे गुरू लाभले. लिंडे म्हणजे शीतयंत्रांचे थोर संशोधक. १८८० साली डिझेल उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले आणि पॅरिसमध्ये गुरूंच्याच बर्फ बनविणाऱ्या यंत्रांच्या कामास लागले. ज्याच्या नावाने पुढे जगभर इंजिने धडधडली, त्याने उमेदीची वर्षे बर्फाच्या कारखान्यात घालवली!

त्या काळी वाफेच्या इंजिनात शंभर रुपयांचा कोळसा जाळला तर जेमतेम दहा रुपयांचे काम पदरात पडे; बाकीची उष्णता वाया जाई. ही नासाडी डिझेल यांना सहन होईना. १८९२ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ साली आपली कल्पना पुस्तकरूपाने मांडली. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापावी, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन बेताबेताने सोडून असे जाळायचे की तापमान आणखी वाढूच नये. मग सिलिंडरला गार करण्याची गरजच उरणार नाही, उष्णता फुकट जाणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. कागदावर तो बिनचूक होता.

ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्यात पहिले इंजिन तयार झाले. त्याला पाण्याचे आवरण नव्हते. १० ऑगस्ट १८९३ रोजी त्यात इंधन सोडताच स्फोट होऊन दाब मोजण्याचे उपकरण उडाले. दाबलेल्या हवेने इंधन पेटते, एवढे मात्र सिद्ध झाले. पुढील प्रयोगांत डिझेल यांना आपल्या सिद्धांताला मुरड घालावी लागली. सिलिंडरभोवती पाणी खेळवावे लागले. अखेर १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक श्र्योटर यांनी इंजिनाची चाचणी घेतली. इंधनातील २६.२ टक्के उष्णतेचे काम झाले होते. पाण्याला उष्णता देऊनही हे इंजिन वाफेच्या इंजिनाच्या कितीतरी पुढे गेले.

पाणी का हवे? आत जळणारा वायू सुमारे २००० अंशांपर्यंत तापतो, आणि बिडाचे लोखंड त्याच्या बरेच खाली वितळते. तेवढे होण्याआधीच वंगणाचे तेल जळून जाते, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकून बसतो. पण याची दुसरी बाजूही आहे. इंजिन फार गार राहिले तरी ते झिजते. जळणातून निघालेली वाफ थंड भिंतीवर दवासारखी जमते, इंधनातील गंधकाशी मिळून तिचे आम्ल होते आणि ते लोखंड खाते. अर्धवट जळालेले इंधन तेलाचा पातळ थर धुऊन नेते. मोटारींच्या सिलिंडरची पुष्कळशी झीज अशी थंडपणातच होते, हे १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून जुन्या मोटारींतही पाणी पुरेसे तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप असते. बहुतेक मोटारींना ८० ते ९० अंशांच्या आसपासचे पाणी मानवते.

हे मला पुस्तकापेक्षा मामांच्या शेतात अधिक कळले. मलप्रभा आपल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. तिच्या काठी मामांचे जुने डिझेल इंजिन आहे. पंपाचे गार पाणी थेट इंजिनातून फिरून पाटात पडे, आणि ते गारच बाहेर येते याचा मामांना अभिमान होता. पण इंजिन धूर ओकी, डिझेल जास्त खाई आणि लायनर लवकर झिजे. मिस्त्रींनी पाण्याची वाट अर्धी बंद केली. बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले गरम लागले पाहिजे, पण उकळता कामा नये, असा त्यांचा दंडक. त्यानंतर धूर कमी झाला, डिझेलही वाचू लागले. अशी इंजिने आपल्याकडे रुजविण्यात मोठा वाटा किर्लोस्करांचा. त्यांच्या ऑइल इंजिन कंपनीची स्थापना १९४६ साली पुण्यात झाली. त्या घराण्याचे मूळ पुरुष लक्ष्मणराव हे आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, आणि त्यांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावातील सायकलच्या दुकानापासून झाला.

यंत्राच्या झिजेला आमच्या हिशेबात घसारा म्हणतात. कन्नडमध्ये त्यालाच ‘सवकळी’ म्हणतात, आणि त्याचाही मूळ अर्थ झीज हाच. घसाऱ्याची रक्कम दरवर्षी बाजूला काढावी लागते. ती न काढता दाखविलेला नफा खोटा असतो. पाण्याला दिलेली उष्णताही तशीच. ती सगळीच नासाडी नव्हे. इंजिन टिकावे म्हणून केलेला तो खर्च आहे. मात्र तोही बेताचाच हवा.

डिझेल यांनी इंजिनाच्या बाबतीत हे मान्य केले. स्वतःच्या बाबतीत मात्र नाही. परवान्यांतून अमाप पैसा मिळाला, पण अतिश्रमाने १८९८ च्या सुमारास प्रकृती ढासळली आणि काही काळ आरोग्यधामात काढावा लागला. पेटंटाचे वाद चालूच होते. जमिनी आणि तेलाच्या व्यवहारांत मोठी रक्कम बुडाली. १९१२ साली ‘सेलांडिया’ हे डिझेलवर चालणारे मोठे जहाज महासागरात उतरले तेव्हा त्यांची कीर्ती शिखरावर होती, आणि घरची वही तोट्यात होती.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी ते अँटवर्पहून इंग्लंडकडे जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर चढले. सकाळी खोलीत ते नव्हते. अंथरुणही वापरलेले नव्हते. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह आढळला, आणि त्याच्याजवळच्या वस्तू मुलाने ओळखल्या. अपघात की आत्महत्या, याचा निर्णय आजतागायत झालेला नाही. वय अवघे पंचावन्न. मागे राहिले ते कर्ज.

उष्णतेचा कण न् कण वाचवू पाहणाऱ्या या माणसाने स्वतःची शक्ती मात्र जपली नाही. परीक्षेच्या दिवसांत रात्री जागविणाऱ्या माझ्या मित्रांनी एवढे ध्यानात ठेवले तरी हे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.