कमावलेले शरीर : ब्रूस ली

व्यायामशाळेत मारुतीच्या तसबिरीशेजारी एखाद्या परदेशी माणसाचे चित्र लावलेले दिसले, तर बहुधा ते ब्रूस लीचे असते. उघडे अंग, दोरखंडासारखे पीळ पडलेले दंड, अंगावर नखांचे ओरखडे. हा माणूस जन्मतःच असा असावा असे चित्र पाहणाऱ्याला वाटते. खरी गोष्ट अगदी उलटी आहे. लहानपणी तो किरकोळ प्रकृतीचा आणि हडकुळा होता. त्याला लांबचे नीट दिसत नसे आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड होता. आपल्या मराठीत शरीर ‘कमावतात’. ब्रूस लीच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आहे.

त्याचा जन्म 27 नोव्हेंबर 1940 रोजी अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. वडील कँटोनी संगीत नाटकातले नट. नाटक मंडळीच्या दौऱ्यावर असताना हे अपत्य झाले आणि काही महिन्यांतच कुटुंब हाँगकाँगला परतले. तान्हेपणीच तो पडद्यावर आला आणि पुढे बालनट म्हणून वीसेक चित्रपटांत चमकला. घर नटाचे, त्यामुळे कॅमेऱ्याची भीती त्याला कधी वाटलीच नाही. रस्त्यावरच्या मारामाऱ्यांत मात्र मार खावा लागे. म्हणून तो इप मान या गुरूंकडे विंग चुन ही युद्धकला शिकू लागला. त्याच सुमारास नृत्याचाही नाद लागला आणि 1958 साली त्याने हाँगकाँगची चा-चा नृत्यस्पर्धा जिंकली. त्याच्या पडद्यावरच्या पदन्यासात युद्धकलेइतकाच या नाचाचाही वाटा आहे, असे मला नेहमी वाटते.

मुलाच्या उनाडक्यांना कंटाळून घरच्यांनी 1959 मध्ये त्याला अमेरिकेला धाडले. सिॲटलला एका उपाहारगृहात राबत त्याने शिक्षण घेतले, विद्यापीठात नाट्य व तत्त्वज्ञानाचे विषय घेतले आणि कुंग फूचे वर्ग चालवले. तिथेच भेटलेल्या लिंडा एमरीशी 1964 साली त्याचा विवाह झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस एक घटना घडली. वाँग जॅक मॅन नावाच्या लढवय्याशी ओकलंड येथे त्याचा बंद दाराआड सामना झाला. या सामन्याच्या हकिगती परस्परविरोधी आहेत. लिंडाच्या सांगण्याप्रमाणे ब्रूस काही मिनिटांतच जिंकला. पण जिंकूनही तो अस्वस्थ होता, कारण प्रतिस्पर्ध्यामागे धावताना त्याला धाप लागली होती. कलेत तो तरबेज होता, पण शरीर तिला पुरे पडले नव्हते. दुसरा एखादा विजयाच्या गप्पा मारत बसला असता. हा चोवीस वर्षांचा तरुण आपल्या दमाचा हिशेब मांडू लागला.

ओकलंडचा त्याचा स्नेही जेम्स ली हा वजने उचलण्यात मुरलेला होता. त्याच्या संगतीने ब्रूस बारबेल आणि डंबेल्सकडे वळला. 1965 साली हाँगकाँगमधल्या एका व्यायामशाळेत त्याने केलेल्या व्यायामाचे कार्ड आजही जपलेले आहे. कोणता प्रकार, किती वजन, किती वेळा, सारे वाण्याच्या वहीसारखे टिपलेले. तो व्यायामावरची मासिके विकत घेई आणि हवे तेवढे कापून ठेवी. दूध पावडर, अंडी, केळी, शेंगदाण्याचे लोणी घुसळून केलेले पेय पिई. मनगट आणि पोटरीसारखा हाताचा पुढचा भाग यांवर त्याचा विशेष भर असे, कारण ठोशाचा जोर तिथून जातो असे तो मानी. पोटाचे व्यायाम तर तो जाता-येता करी. आपल्याकडच्या वाचकांना कौतुक वाटेल अशी गोष्ट म्हणजे गामा पहिलवानाच्या कसरतीविषयी त्याने वाचले होते आणि आपल्या दंड-बैठकांचा त्याने स्वतःच्या व्यायामात समावेश केला होता.

मात्र नुसते फुगवलेले दंड त्याला नको होते. अंगावर जास्त मांस चढले की हात जड होतो, ठोसा उशिरा पोचतो, हे त्याला अनुभवाने कळले. म्हणून वजनांच्या जोडीला धावणे, सायकल आणि दोरीवरच्या उड्या आल्या. उंची साडेपाच फुटांहून थोडी जास्त आणि वजन 140 पौंडांच्या आसपास. म्हणजे आपल्या तालमीत हा गडी पोरगेलाच ठरला असता! पण त्या वजनात चरबी म्हणून जवळजवळ नव्हती.

या शरीराला पडदा मात्र मिळेना. ‘द ग्रीन हॉर्नेट’ या दूरदर्शन मालिकेत (1966-67) त्याला काम मिळाले ते नायकाच्या मोटारचालकाचे. सगळे अंग गणवेशात झाकलेले आणि डोळ्यांवर मुखवटा. पुढे स्टीव्ह मॅक्वीन, जेम्स कोबर्न यांसारखे नट त्याच्याकडे शिकायला येत. पण शिष्य नायक आणि गुरू रिकामा, अशी अवस्था होती. चिनी चेहऱ्याचा नायक हॉलिवूडच्या हिशेबात बसत नव्हता.

ऑगस्ट 1970 मध्ये एके दिवशी अंग पुरेसे गरम न करताच त्याने खांद्यावर बारबेल घेतली आणि कमरेत वाकून पुन्हा उभे राहण्याचा व्यायाम सुरू केला. पाठीत कळ गेली. माकडहाडाच्या वरच्या बाजूच्या मज्जातंतूला इजा झाली होती. आता लाथ मारण्याचे विसरा, असे डॉक्टरांनी सांगितले. घरात दोन लहान मुले, डोक्यावर घराचे कर्ज. लिंडा कामाला जाऊ लागली आणि हा अंथरुणाला खिळून राहिला. त्या महिन्यांत त्याने युद्धकलेवर वह्याच्या वह्या भरल्या. त्यांतून त्याच्या मृत्यूनंतर, 1975 साली, एक ग्रंथ सिद्ध झाला. पुढे तो उठला, लाथाही मारू लागला. पण पाठीचे दुखणे अखेरपर्यंत सुटले नाही. पडद्यावर आपण जी झेप पाहतो ती दुखऱ्या पाठीची आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

1971 च्या प्रारंभी कोबर्नबरोबर तो एका नियोजित चित्रपटासाठी स्थळे पाहायला भारतातही येऊन गेला. तो बेत फसला. मग हाँगकाँगच्या रेमंड चौ यांनी बोलावले. ‘द बिग बॉस’ (1971), ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ आणि ‘वे ऑफ द ड्रॅगन’ (दोन्ही 1972) या चित्रपटांनी तो आशियाचा लाडका झाला. आता अंगरखा उतरवणे हा कथानकाचा भागच झाला. शरीराचा वापर पडद्यावर कसा करायचा हे तो पुरते जाणून होता. रोमच्या कलोसियममधल्या झुंजीसाठी त्याने चक नॉरिसला वजन वाढवून यायला सांगितले. समोरचा थोराड दिसला की आपली चपळाई उठून दिसते.

पण कॅमेऱ्याची भूक वाढतच गेली. ‘एंटर द ड्रॅगन’च्या वेळी तो पूर्वीपेक्षाही सुकलेला दिसतो. स्नायूंना विजेचे हलके झटके देणारे यंत्रही तो वापरी. पडद्यावर घाम वाईट दिसतो म्हणून त्याने काखेतल्या घामाच्या ग्रंथी काढून घेतल्याचे चरित्रकार सांगतात. इथे मात्र माझे मन त्याच्या कौतुकाला तयार होत नाही. लढण्यासाठी कमावलेले शरीर आता दिसण्यासाठी झिजत होते.

10 मे 1973 रोजी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तो कोसळला. मेंदूला सूज आली होती, डॉक्टरांनी वाचवले. 20 जुलैला डोके दुखते म्हणून त्याने एक गोळी घेतली, झोपला, तो उठलाच नाही. वय 32. त्या औषधाचे वावडे हे कारण चौकशीत पुढे आले. पुढे उष्माघात, रक्तातले सोडियम घटणे असे तर्कही अभ्यासकांनी मांडले. वाद मिटलेला नाही. सिॲटल येथे त्याचे दफन झाले. ‘एंटर द ड्रॅगन’ जगाने पाहिला तो त्यानंतर.

‘गेम ऑफ डेथ’ अपुराच राहिला होता. 1978 साली तो पुरा केला गेला, तेव्हा निर्मात्यांनी त्याच्यासारखे दिसणारे लोक उभे केले, त्यांना काळे चष्मे लावले, एके ठिकाणी तर त्याच्या चेहऱ्याचे चित्रच चिकटवले. अखेरीस मनोऱ्याच्या जिन्यावर पिवळ्या पोशाखातला खरा ब्रूस ली येतो आणि सात फुटांहून उंच अशा करीम अब्दुल-जब्बारसमोर उभा राहतो. तिथून पुढची काही मिनिटे कोणीही सांगावे लागत नाही की हा तोच.