वाद ऐकून घेणारा राजा

घरातल्या मुंजीत कोणते मंत्र म्हणायचे, हे आज यजमान आणि गुरुजी मिळून ठरवतात. त्यात सरकारने पडावे असे कुणाला वाटत नाही. परंतु जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी याच प्रश्नाने सातारा आणि सांगली ही दोन राजघराणी समोरासमोर उभी केली होती.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह भोसले यांचा जन्म १७९३ चा. १८०८ मध्ये ते गादीवर बसले खरे, पण सत्ता सारी पुण्यात आणि छत्रपती नजरकैदेत, अशी स्थिती होती. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि पेशव्यांनी बरोबर फिरवलेले छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. १८१९ चा तह झाला, १८२२ मध्ये कारभाराचे अधिकार मिळाले. महाराजांनी रस्ते बांधले, शहराला पाणी आणले, शाळा काढली आणि रोजनिशीही लिहिली.

मात्र धर्मकार्याचा प्रश्न सुटला नव्हता. कलियुगात क्षत्रिय उरलेलेच नाहीत, म्हणून भोसल्यांना आणि कायस्थ प्रभूंना वेदमंत्रांचा अधिकार नाही, त्यांचे संस्कार पुराणोक्तच व्हावेत, असे अनेक शास्त्रीमंडळींचे म्हणणे होते. त्यांचे पाठीराखे होते सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन. सांगली वसवणारे, गणपतीचे देऊळ उभारणारे हे कर्तबगार संस्थानिक. परंपरा मोडू नये ही त्यांची निष्ठा खरीच होती.

महाराजांच्या हाती सत्ता होती, हुकूम काढून ते मोकळे होऊ शकले असते. पण १८३० मध्ये त्यांनी साताऱ्यात शास्त्रार्थ भरवला. त्यांच्या बाजूने आबा पारसनीस यांनी ग्रंथांचे आधार मांडले, विरुद्ध बाजूलाही बोलू दिले गेले, आणि निर्णय वेदोक्ताच्या बाजूने झाला.

यात उणे नव्हते असे नाही. वाद ज्यांचा, सभाही त्यांनीच बोलावलेली. शिवाय मागणी होती ती क्षत्रियांच्या हक्काची. शेतात राबणारा कुणबी किंवा गावकुसाबाहेरचा माणूस त्या सभेच्या हिशेबातच नव्हता. तरीही धर्माचा तंटा बळाने नव्हे, दोन्ही बाजू ऐकून मिटवावा, एवढे त्या सभेने शिकवले.

हाच न्याय महाराजांच्या वाट्याला मात्र आला नाही. पोर्तुगीजांशी संधान आणि कंपनीच्या शिपायांना फितवणे, असे आरोप त्यांच्यावर आले. दोष कबूल करणाऱ्या कागदावर सही केली असती तर गादी राहिली असती. त्यांनी नकार दिला. उघड चौकशी न होताच ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत केले गेले. रंगो बापूजींनी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे दाद मागितली, ती व्यर्थ गेली. १८४७ मध्ये काशीत महाराज निवर्तले आणि १८४८ मध्ये राज्यही खालसा झाले.

वेदोक्ताचा वाद पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी पुन्हा पेटला. १९५० पासून मात्र राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत, धर्माचरणाचे स्वातंत्र्य प्रत्येकाला दिले आहे. त्यासाठी आता कुणाला आपले कूळ सिद्ध करावे लागत नाही. पण हक्क कागदावर असला तरी समोरच्याचे ऐकून घेण्याची सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागते. नाहीतर कायदा कितीही चांगला असला, तरी गावागावांत जुनेच वाद नव्या नावाने पेटत राहतील.