डॉ. विल्यम केरी

शाळेचें शेवटचें वर्ष जवळ आलें म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो: मुलानें पुढें काय करावें? धंदा शिकावा कीं विद्या संपादावी? विद्या आणि धंदा या जणूं दोघी सवती आहेत, अशी समजूत आपल्या समाजांत फार दिवसांची आहे. ती कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं आम्ही येथें विल्यम केरी यांचें चरित्र थोडक्यांत सांगत आहों.

केरी यांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजीं इंग्लंडांतील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यांत पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. वडील विणकर होते. पुढें ते गांवच्या शाळेचे मास्तर झाले. उन्हांत काम केलें कीं मुलाच्या कातडीस विकार होई, म्हणून त्यास शेतावर न पाठवितां जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीस ठेविलें. मालकाच्या घरच्या एका पुस्तकांत त्यास ग्रीक अक्षरें आढळलीं. तीं वाचतां येईनात, तेव्हां गांवांतील एका शिकलेल्या विणकराकडून त्यानें तीं समजावून घेतलीं. हातांत आरी आणि समोर उघडें पुस्तक, अशा रीतीनें पुढें त्यानें लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच व फ्रेंच इतक्या भाषा आत्मसात केल्या.

सुवार्तेच्या सेवेसाठीं केरी 1793 सालीं बंगाल्यांत आले. कुटुंबाच्या पोटासाठीं त्यांनीं मालदा भागांत निळीच्या कारखान्यावरील देखरेखीचें काम पत्करिलें. तेथें त्यांचा एक लहान मुलगा आजारानें दगावला. पत्नी डॉरथी परदेशीं येण्यास मुळांतच नाखूष होत्या. त्यांच्या मनाचा तोल गेला तो 1807 मध्यें त्यांस मृत्यु येईपर्यंत सांवरला नाहीं. थोर पुरुषांच्या कर्तृत्वाची किंमत पुष्कळदां घरच्या माणसांस द्यावी लागते. ही गोष्ट गाळून चरित्र सांगणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

1800 सालीं ते हुगळी नदीच्या कांठीं, डेन्मार्कच्या अंमलाखालील श्रीरामपूर येथें राहावयास गेले. मार्शमन हे शिक्षक व वॉर्ड हे मुद्रक त्यांस मिळाले. तिघांनीं आपापली मिळकत एकाच तिजोरींत जमा करण्याचें ठरविलें. 1801 मध्यें कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत भाषा शिकविण्याचें काम केरी यांजकडे आलें. पगार दरमहा 500 रुपये होता. पुढें तो 1000 झाला. त्या काळीं एवढ्या पैशांत त्यांस साहेबी थाटानें राहतां आलें असतें. परंतु घरखर्चापुरतें ठेवून बाकी सारें त्यांनीं सामाइक कार्यास दिलें.

आम्हां मराठी भाषिकांवर तर त्यांचे विशेष उपकार आहेत. पंडित वैजनाथ यांच्या साह्यानें त्यांनीं 1805 मध्यें मराठीचें व्याकरण आणि 1810 मध्यें मराठी शब्दांचा कोश छापून काढिला. श्रीरामपुरास देशी लिप्यांचे ठसे कोरण्याची विद्या पंचानन कर्मकार व त्यांचे जांवई मनोहर या कारागिरांनीं रुजविली. पंडिताची विद्या आणि कारागिराचा हात एकत्र आले नसते, तर यांतील एकही पुस्तक निघालें नसतें.

11 मार्च 1812 रोजीं छापखान्यास आग लागली. कागद, खिळे आणि केरी यांनीं वर्षानुवर्षें खपून लिहिलेलीं हस्तलिखितें भस्मसात झालीं. मात्र छपाईचीं यंत्रें व पोलादी ठसे वांचले. वितळलेल्या धातूचे पुन्हां खिळे ओतून थोड्याच आठवड्यांत छपाई सुरू झाली, आणि केरी जळालेले ग्रंथ पुन्हां पहिल्यापासून लिहावयास बसले.

देशी कागदास कसर लागे, म्हणून श्रीरामपुरासच कागद तयार होऊं लागला. त्या गिरणीसाठीं 1820 मध्यें इंग्लंडांतील बोल्टनहून वाफेचें यंत्र आणविलें. तें नवल पाहण्यास दूरदूरचे लोक येत. त्याच वर्षीं केरी यांनीं शेती व बागाईत सुधारण्यासाठीं एक मंडळ स्थापिलें. 1818 मध्यें स्थापन झालेल्या श्रीरामपूर कॉलेजास 1827 मध्यें डेन्मार्कच्या राजानें पदव्या देण्याचा अधिकार दिला.

1830 पासून कलकत्त्यांतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, व त्यांत मिशनचाही पैसा गेला. तरी केरी यांचें काम थांबलें नाहीं. 9 जून 1834 रोजीं ते प्रभूघरीं गेले. त्यांचें कॉलेज मात्र आजही चालू आहे.

विद्यार्थिमित्रांनो, केरी यांस जोडे शिवण्याची लाज वाटली नाहीं, व पंडित झाल्यावर यंत्रांस हात लावणेंही कमीपणाचें वाटलें नाहीं. त्यांस निवड करावी लागली ती विद्या कीं धंदा ही नव्हे. मिळालेल्या विद्येचा व पैशाचा उपयोग कोणासाठीं करावयाचा, ही होय. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलाचा मार्ग ठरवितांना पगाराचा आंकडा अवश्य पाहावा, पण हा दुसरा प्रश्नही त्यास एकदां विचारावा.