रॉबर्ट गिल

मेजर रॉबर्ट गिल (जन्म: २६ सप्टेंबर १८०४, लंडन, मृत्यू: १० एप्रिल १८७९) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी, चित्रकार आणि छायाचित्रकार होते. आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांच्या भित्तिचित्रांच्या पहिल्या मोठ्या प्रतिकृती त्यांनी केल्या. त्यांची बहुतेक तैलचित्रे आगीत नष्ट झाली. त्यामुळे त्यांच्या कामाचा बराचसा वारसा आज त्यांच्या छायाचित्रांतूनच पाहावा लागतो.

== अजिंठ्यातील नेमणूक ==

मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी १८१९ साली अजिंठा लेण्यांपर्यंत पोहोचला, तेव्हापासून युरोपीय अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले. वास्तुशास्त्राचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी भित्तिचित्रांची पडझड कंपनीच्या निदर्शनास आणून दिली आणि १८४४ साली गिल यांची प्रतिकृतीच्या कामावर नेमणूक झाली. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. गिल अजिंठा गावातील बारादरीत राहू लागले आणि वाघूर नदीच्या दरीतील लेण्यांत त्यांनी मोठमोठ्या कॅनव्हासवर चित्रे रंगवायला घेतली. अंधार, ओलावा आणि वटवाघळे यांच्या सोबतीने चाललेले हे काम अनेक वर्षे पुरले. रंगवून झालेली चित्रे लंडनला रवाना होत असत.

== छायाचित्रण ==

१८५६ च्या सुमारास गिल यांनी कॅमेरा वापरण्यास सुरुवात केली. त्यांची बरीच छायाचित्रे स्टिरिओ पद्धतीची आहेत. या पद्धतीच्या कॅमेऱ्यात दोन भिंगे माणसाच्या दोन डोळ्यांइतक्या अंतरावर शेजारीशेजारी बसवलेली असतात. त्यांतून मिळणारी चित्रांची जोडी स्टिरिओस्कोपमधून पाहिली की खांब पुढे आणि भिंत मागे असा खोलीचा भास होतो. लेण्यांसारख्या कोरीव वास्तूंसाठी ही पद्धत विशेष उपयोगी होती.

चित्र सुस्पष्ट येण्यासाठी करावी लागणारी खटपट त्या काळी वेगळीच होती. कॅमेऱ्याच्या मागील बाजूस घासलेली काच असे आणि तिच्यावर दृश्य उलटे पडे. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन ते पाही आणि भिंग पुढे-मागे सरकवून रेषा नीट दिसेपर्यंत जुळवणी करी. मग काच काढून तिच्या जागी प्लेटची पेटी बसवली जाई. त्या क्षणापासून त्याला दृश्य दिसत नसे. कॅमेरा किंचित हलला तरी ते प्लेट धुतल्यावरच कळे. विसाव्या शतकातील फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागील आरसा आणि पंचकोनी लोलक यांमुळे छायाचित्रकाराला सुलट दृश्य दिसते आणि ते कळ दाबेपर्यंत दिसत राहते. भिंगावरचे कडे फिरवून, मधल्या वर्तुळातील दुभंगलेली रेषा जुळवून फोकस साधता येतो. भिंगाचे छिद्र लहान केल्यावर किती खोलीपर्यंतचा भाग सुस्पष्ट राहील, हे अनेक कॅमेऱ्यांत एक वेगळी कळ दाबून आधीच पाहता येते.

छिद्र लहान करण्याचा उपाय तेव्हाच्या छायाचित्रकारांनाही माहीत होता. स्टिरिओ कॅमेऱ्याची भिंगे कमी नाभीय अंतराची असल्याने मुळातच जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येई, आणि छिद्र लहान केले की ही खोली आणखी वाढे. मात्र छिद्र जितके लहान, तितका प्रकाश कमी आणि प्लेट उघडी ठेवण्याचा वेळ जास्त. आधीच अंधाऱ्या गाभाऱ्यात तर घासलेल्या काचेवर नीट जुळवण्यापुरते दृश्यही उमटणे कठीण. गिल यांच्या छायाचित्रांत दर्शनी भाग, व्हरांडे आणि खांब यांचे प्राबल्य का आहे, याचा एक उलगडा येथे होतो.

दुसरी अडचण रसायनांची होती. त्या काळच्या प्लेट निळ्या प्रकाशाला संवेदनशील असत, तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ नाही. अजिंठ्याच्या चित्रांत गेरू आणि पिवळ्या मातीचे रंग भरपूर असल्याने तो भाग काळपट येई, तर निळा रंग फिका पडे. फोकस कितीही अचूक असला तरी भित्तिचित्र जसे डोळ्यांना दिसते तसे छायाचित्रात उतरणे शक्य नव्हते. म्हणूनच कॅमेरा हाताशी आल्यावरही भित्तिचित्रांसाठी कुंचल्याला पर्याय नव्हता.

गिल यांच्या ७४ छायाचित्रांसह फर्ग्युसन यांचे ‘द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक १८६४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पश्चिम भारतातील वास्तू आणि निसर्ग यांवरील शंभर स्टिरिओ चित्रांचा त्यांचा दुसरा ग्रंथही निघाला. लोणार आणि अन्वा येथील मंदिरांची गिल यांनी घेतलेली छायाचित्रेही उपलब्ध आहेत.

== क्रिस्टल पॅलेसची आग ==

गिल यांची तैलचित्रे लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी तेथे लागलेल्या आगीत ती जळाली. वाचलेली मोजकी चित्रे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह नव्याने प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांपैकीही पुष्कळ १८८५ साली लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. मधल्या काळात लेण्यांतील मूळ चित्रांची झीज सुरूच होती. त्यामुळे गिल यांनी पाहिलेले काही तपशील आता कोठेच पाहता येत नाहीत.

== वैयक्तिक जीवन ==

गिल यांचा विवाह १८४१ साली झाला होता. अजिंठ्यात त्यांचा पारो या स्थानिक स्त्रीशी स्नेह जडला. १८५६ साली तिचे निधन झाले. तिची कबर अजिंठा गावात आहे. या नात्याभोवती अनेक दंतकथा जमल्या असून त्यांतील किती भाग इतिहासाचा हे ठरवणे अवघड आहे. कवी ना. धों. महानोर यांनी या विषयावर ‘अजिंठा’ हे खंडकाव्य लिहिले आणि २०१२ साली नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्याच नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला. गिल यांची कबर भुसावळ येथे आहे.