डॉ. कोटणीस घरी का परतले नाहीत?

व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा चित्रपट पाहिला तेव्हा डॉ. कोटणीसांची कहाणी आपल्याला कळली असे मला वाटले होते. परंतु चित्रपट म्हणजे चरित्र नव्हे. म्हणून ग्रंथालयात बसून त्यांच्या आयुष्यातील तारखा मी वहीत ओळीने उतरवून काढल्या आणि एका ठिकाणी माझा हात थांबला.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. डॉक्टर झाले मुंबईत. जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा १९३८ साली राष्ट्रीय काँग्रेसने तिकडे पाच डॉक्टरांचे पथक धाडले. (त्यांतले डॉ. चोळकर आपल्या नागपूरचे, हे किती जणांना ठाऊक आहे?) त्या पथकात कोटणीसही होते.

चीनला पोचून वर्षही झाले नव्हते, तोच घरून वडील वारल्याची बातमी आली. सहकाऱ्यांनी परत जायला सांगितले. ते गेले नाहीत.

येथेच मी अडले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी फी बाबांच्या कापसातून येते. बाबांना काही झाले, तर मी यवतमाळच्या स्टँडवरून दारव्ह्याची पहिली एस. टी. धरीन. खरे सांगायचे तर मला कोटणीसांचा रागच आला.

पुढच्या तारखा पाहाव्या. १९३९ साली येनान, त्यानंतर उत्तरेकडील युद्धआघाडी. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या लष्करी रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. कॅनडाचे हे शल्यवैद्य जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करताना बोट कापून रक्तदोषाने वारले होते. पथकातले बहुतेक डॉक्टर परतले, तरी कोटणीस तेथेच शस्त्रक्रिया करीत व चिनी भाषेत विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले. माझा राग पुरता गेला असे नाही, पण कमी झाला.

चित्रपटातली नायिका जयश्रीबाईंमुळे लक्षात राहते. मूळच्या ग्वो छिंगलान या त्या सैन्याच्या वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवीत. १९४१ साली दोघांचे लग्न झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवले यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. मूल चार महिन्यांचेही नव्हते, तेव्हा ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने कोटणीस गेले. वय ३२.

तो मुलगाही १९६७ साली वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच वारला. ग्वोबाई मात्र पुढे अनेकदा भारतात आल्या आणि सासरच्या माणसांना भेटून गेल्या. २०१२ साली त्या वारल्या.