वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

भंडाऱ्यासारख्या तलावांच्या जिल्ह्यातून वसईच्या समुद्रकिनारी येणाऱ्या भाविकाने किल्ल्यातील संत गोन्सालो गार्सिया चर्चला अवश्य भेट द्यावी. येशूसंघीयांनी १६व्या शतकात उभारलेल्या ह्या चर्चचे मूळ नाव पवित्र येशूनामाचे मंदिर. ज्या बालकाने येथील येशूसंघीयांकडे धर्मशिक्षण घेतले, त्याचेच नाव पुढे लोकांनी चर्चला दिले.

गोन्सालो ह्यांचा जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज सैनिक, तर आई वसईची. पोरवयातच ते येशूसंघीय धर्मगुरूंसमवेत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की जपानी माणसाने कान देऊन ऐकावे. सुमारे आठ वर्षे त्यांनी श्रद्धाशिक्षक म्हणून सेवा केली. परंतु येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा पूर्ण झाली नाही. मन खट्टू झालेल्या ह्या तरुणाने व्यापार सुरू केला व त्यात चांगला जमही बसवला. तरीही जीव रमेना. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना ब्रदर म्हणून स्वीकारले. येशूसंघीयांच्या सहवासात कमावलेली भाषा आता फ्रान्सिस्कनांच्या कामी येणार होती!

१५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांना जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याच्याकडे दूत म्हणून धाडले. दुभाषी होते ब्रदर गोन्सालो. धर्मप्रसारकांना देशाबाहेर जाण्याचा आदेश हिदेयोशीने १५८७ सालीच काढला होता. अशा माणसापुढे एक शब्द चुकला तरी साऱ्यांच्या जिवावर बेतले असते. शिष्टाई यशस्वी झाली. क्योतो येथे राहण्याची परवानगी मिळाली, चर्च उभे राहिले आणि कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळही सुरू झाले.

१५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला फुटले. त्यातील माल जप्त झाला आणि हिदेयोशीच्या मनात संशय बळावला. डिसेंबरमध्ये ब्रदर गोन्सालो व त्यांचे सोबती पकडले गेले. क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला व ऐन हिवाळ्यात सर्वांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. त्यांच्यामध्ये बारा वर्षांचा एक मुलगाही होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघीय व १७ प्रापंचिक, अशा २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. वसईच्या सुपुत्राचे वय तेव्हा सुमारे चाळीस होते. ज्या संघाची दारे त्यांना बंद राहिली, त्या संघाचे तिघे आज त्यांच्या शेजारच्या क्रुसांवर होते.

पोप आठवे अर्बन ह्यांनी १६२७ साली त्यांना धन्यवादित, तर पोप नववे पायस ह्यांनी ८ जून १८६२ रोजी संत घोषित केले. भारतभूमीत जन्मलेले ते पहिले संत होत. मराठ्यांनी १७३९ साली किल्ला जिंकल्यानंतर तेथील चर्चेस ओस पडली होती. आता मात्र दरवर्षी त्यांच्या सणाला वसईचे भाविक किल्ल्यातील ह्याच चर्चमध्ये पवित्र मिस्सासाठी जमतात.